चुलीची शर्यत



कुस्तीचा फड होतो, बैलांची शर्यत होते. मग चुलीची शर्यत का होऊ नये? शर्यत लावायची, सगळ्या गावानं तिकीट काढून जेवायचं, आणि उरलेल्या पैशांतून क्षयाच्या रोग्याला शिधा द्यायचा. एवढीच गोष्ट आज सांगायची आहे.

क्षयाच्याच रोग्याला का? ऐका. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ते निदान सहा महिने घ्यावं लागतं. पण औषध कडक आणि पोट रिकामं, असं झालं की माणूस कंटाळतो. गोळ्या सोडतो. रोग पुन्हा उचल खातो. आहारासाठी सरकार २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देतं. पण कमावता माणूसच अंथरुणाला खिळला, तर ते १००० रुपये घरभर वाटले जातात.

झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात डॉक्टरांनी एक मोठी पाहणी केली. रोग्याला शिधा दिला, काही घरांत घरच्यांनाही दिला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथं घरच्यांना नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे जिथं दहा जण आजारी पडले असते, तिथं सहाच पडले. डाळभाताची ही करामत आहे.

२०२२ साली सरकारनं निक्षय मित्र ही योजना काढली. कोणीही माणूस किंवा मंडळ रोग्याला सहा महिने शिधा देऊ शकतं. नोंद निक्षय पोर्टलवर होते, आरोग्य केंद्रात विचारा. मोठ्या माणसाचा महिन्याचा शिधा असा: ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि १ किलो शेंगदाणे किंवा दुधाची पावडर.

आता शर्यतीचं बघू. पदार्थ एकच ठेवा, भाकरी आणि पिठलं. पुरणपोळी-बासुंदी ठेवली तर ज्याच्या घरी तूप, तोच जिंकणार. ज्वारी घराघरांतून मापटं-मापटं जमवा, एकत्र दळा आणि सगळ्यांना सारखं पीठ तोलून द्या. बेसनही सारखं. तवा, परात, उलथनं ज्याचं त्यानं आणावं. वेळ दीड तास. प्रत्येक चुलीवर दहा पानांचं जेवण व्हावं. पुरुषांनीही नाव द्यावं. भाकरी थापताना कुणाची फाटली तर लोक हसतील, हसू द्या. त्यानंच तिकिटं खपतात.

हिशोब मांडू. समजा २० चुली लागल्या. प्रवेश फी ५० रुपये, म्हणजे १००० जमले. पानं झाली २००. पानाला ३० रुपये तिकीट, म्हणजे ६००० आले. एकूण ७०००. बेसन, तेल, मिरची, बक्षिसाची पातेली यांना १५०० गेले. उरले ५५००. एका महिन्याचा शिधा तुमच्या वाण्याकडं ५५० ला पडत असेल, तर दहा शिधे झाले. एका रोग्याचे सहा, दुसऱ्याचे चार. दुसऱ्याचे दोन शिधे कमी पडतात! ते ११०० रुपये कोण देणार, हे आधी ठरवा. नाहीतर एकाच रोग्याचं नाव घ्या. चार महिने देऊन हात आखडला, तर त्या घरानं काय करावं?

पैसे नोंदलेल्या संस्थेच्या पावतीवर घ्यावेत. संस्था नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आधी विचारून परवानगी काढावी. तिकिटांना नंबर घाला. खपलेली किती, उरलेली किती, हे त्याच रात्री लिहून काढा आणि दुसऱ्या दिवशी कागद चावडीवर लावा. आता तुम्हाला वाचता येतं. वाचा आणि विचारा.

परीक्षक शेजारच्या गावचे आणा. ताटावर नाव नको, फक्त नंबर. यात न्याय तर आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे. अमक्याच्या हातची भाकरी आम्ही खात नाही, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. नंबराला जात नसते. सगळ्या चुली एका रांगेत लागतील आणि पाण्याचा माठ एकच असेल, हे जमत नसेल तर शर्यत भरवू नका, पैसे दुसऱ्या वाटेनं जमवा.

तसंच रोग्याच्या घरच्या बाईला चुलीपासून लांब ठेवू नका. क्षय ताटातून किंवा भांड्यातून पसरत नाही. उपचार न झालेला रोगी खोकला, शिंकला की हवेतून पसरतो. त्या घरची भाकरी खुशाल खा.

रोग्याचं नाव मात्र भोंग्यावर घ्यायचं नाही. त्याला स्टेजवर बोलावून पिशवी द्यायची नाही, फोटो काढायचा नाही. एखाद्या घरी लग्नाची मुलगी असते. नाव फुटलं तर सोयरीक मोडते, मग शिध्याचा काय उपयोग? आशाताईंनी त्या माणसाची संमती घ्यावी. शिधा त्यांच्या हातूनच महिन्याच्या ठरल्या दिवशी घरी जाऊ द्या. गावाला फक्त इतकंच कळावं, की शिधे किती गेले आणि कितीचे गेले.

सुगी झाली की घरोघर ज्वारी असते, तेव्हाचा एखादा बाजाराचा वार सोडून दिवस धरा. चुलींना जागा शाळेच्या पटांगणाची बरी, पण वाऱ्याची बाजू बघून घ्या आणि पाण्याचे दोन पिंप भरून ठेवा. कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.