वारा पाठीशी असताना
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



प्रत्येकाने आपल्या छंदाविषयी पाच मिनिटे बोलावे, असा संयोजकांचा हुकूम आहे. माझा छंद शिडाच्या बोटीचा. सकाळपासून तुमच्यापैकी चौघा-पाच जणांनी "एकदा आम्हालाही ने रे" म्हटले. तेव्हा समुद्राचे वर्णन बाजूला ठेवतो आणि बोटीवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला जे सांगतो, तेच आज सांगतो.

शिडाच्या खालच्या कडेला एक आडवी, जड काठी असते. तिला बूम म्हणतात. दार बिजागरीवर फिरावे तशी ती डोलकाठीभोवती फिरते. वारा मागून असला की शीड पूर्ण उघडतात आणि बूम बोटीच्या एका अंगाला, पाण्यावर, जवळजवळ काटकोनात जाते.

पावसाळा सोडला तर दुपारनंतर मुंबई बंदरात बहुधा वायव्येचा वारा लागतो. गेटवेहून मांडव्याला निघालो की तो साधारण पाठीवर येतो. बोट फारशी कलत नाही, अंगावर पाणी उडत नाही. पाहुणे हमखास इथेच उभे राहून फोटो काढू लागतात. आणि धोकाही इथेच असतो.

विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेला सापेक्ष वेग आठवा. वारा १५ नॉटचा आणि बोट त्याच दिशेने ६ नॉटने चाललेली, तर आपल्याला वारा जाणवतो फक्त ९ नॉटचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ९ चा वर्ग ८१ आणि १५ चा २२५. म्हणजे खऱ्या जोराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची जाणीव होते आणि माणूस गाफील राहतो.

अशा वेळी एखाद्या लाटेने बोट थोडी वळली किंवा वारा थोडा फिरला, तर तो शिडाच्या दुसऱ्या बाजूने घुसतो. बूम क्षणात या अंगाहून त्या अंगाला जाते, तीही बहुतेक डोक्याच्या उंचीवरून. याला नको असताना झालेला जाइब म्हणतात. त्यात कवटी फुटते, माणूस पाण्यात फेकला जातो, कधी डोलकाठीही मोडते.

उपाय तीन आहेत. पहिला, वारा अगदी नाकासमोर पाठीवर घ्यायचा नाही. पंधरा-वीस अंश बाजूला ठेवून नागमोडी जायचे. वाट लांबते, पण बोट स्थिर राहते. पुढचे लहान शीड लुळे पडू लागले, की वारा नेमका मागे आला असे समजावे आणि सुकाणू सावरावे.

दुसरा उपाय प्रिव्हेंटरचा. बूमच्या टोकाला दोर बांधून तो नाळेवरच्या कप्पीतून फिरवून मागे, सुकाणूजवळ आणायचा. तो बूमच्या मध्यावर बांधू नये, ताण आला तर बूम तिथेच मोडते. आणि त्याला अशी गाठ नको, की जी ताणाखाली सुटणारच नाही. बूमचे टोक पाण्यात बुडाले, तर दोर बसल्या जागेवरून सैल करता आला पाहिजे.

तिसरा, बाजू बदलायचीच असेल तर ती आपण होऊन, सावकाश बदलायची. आधी मोठ्याने सांगायचे, सगळ्यांची डोकी खाली. प्रिव्हेंटर सोडायचा, बूमचा दोर ओढून तिला बोटीच्या मध्यावर आणायचे, मग सुकाणू हळू वळवायचे. शीड पलीकडे भरले की दोर झरझर सोडायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही.

तरीही दोरावर आंधळा विश्वास नको. जून २०१६ मध्ये न्यूझीलंडहून फिजीला निघालेल्या 'प्लॅटिनो' या मोठ्या बोटीवर वादळी हवेत असा जाइब झाला. बूमला आवरणारी सामग्री तुटली आणि बूम मोकाट सुटली. पाच जणांपैकी दोघे गेले. म्हणून बांधलेली असली तरी बूमच्या आणि तिच्या दोराच्या फेऱ्यात कुणी उभे राहायचे नाही. हा नियम पाहुण्यांना आहे तसाच तीस वर्षे बोट चालवणाऱ्यालाही आहे.

समोरून वारा असला की प्रत्येकजण आपोआप सावध असतो, कारण बोट कलते, पाणी तोंडावर येते. पाठीशी वारा असताना सावध राहणे मात्र शिकावे लागते. त्यासाठी दोर आधी बांधावा लागतो, सगळे ठीक दिसत असतानाच.

ज्यांना यायचे आहे त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नावे द्यावीत. दिवाळीनंतर जाऊ. टोपी आणि पाणी आणा, लाइफ जॅकेट मी देईन. अट एकच. मी "डोकी खाली" म्हटले, की "का?" हा प्रश्न डोके खाली घालूनच विचारायचा. गुरुजनांनाही सवलत नाही!