नऊवारीचा काष्टा, बॅलेचा टुटू

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की आमच्या देवपुरात शिवलेल्या नऊवारीची शोधाशोध सुरू होते. नेसायची नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. पण काष्टा घातला की पाय मोकळे! लावणीच्या ठेक्याला तेच हवे.

नाचताना पाय मोकळे कसे ठेवायचे, हा प्रश्न युरोपातल्या बॅलेलाही पडला होता. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी नाचली ती पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या, विरविरीत झग्यात. पुढे इटालियन नर्तकींच्या गिरक्या अवघड होत गेल्या. पायांचे काम दिसावे म्हणून झगा गुडघ्याच्या वर गेला आणि नंतर कमरेभोवती चक्क भाकरीसारखा आडवा पसरला. हाच टुटू. जाळीच्या कापडाचे दहा-बारा थर एकावर एक, आधाराला तारेचे कडे. १९५०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वेशभूषाकार बार्बरा करिन्स्काने ते कडेच काढून टाकले आणि टुटू मऊसूत झाला. मला विचाराल तर सगळ्यांत देखणा तोच.

बॅलेच्या विरविरीत झग्याने जीवही घेतला आहे. १८६२ मध्ये पॅरिसला तालमीत नर्तकी एम्मा लिव्रीचा झगा गॅसच्या दिव्याने पेटला. आगीपासून वाचवणाऱ्या द्रावणात बुडवलेले कापड ताठ आणि मळकट दिसते, म्हणून तिने ते नाकारले होते. आठ महिन्यांनी ती गेली. वय अवघे वीस.

भाड्याने मिळणाऱ्या शिवलेल्या नऊवारीचे कापडही बहुतेकदा सिंथेटिक, म्हणजे आगीजवळ धोक्याचे असते. तेव्हा संमेलनात रंगमंचावर समई लावाल, ती नाचणाऱ्या मुलींपासून चार हात लांब ठेवा.