दाराआड कोण होतं?
(नवी पेठ, सोलापूर इथल्या युवक बैठकीतलं भाषण)



मला सांगितलंय, बड्या लोकांच्या खून खटल्यांवर बोल, ज्युरी बरी की एकटा जज बरा ते सांग. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार, वकील नाही. पण कोर्टात मरायला आणि साक्षीला आपणच असतो, मग निकाल काय फक्त काळ्या डगल्यांनीच वाचायचे?

नानावटी खटला घ्या. २०१६ साली 'रुस्तम' नावाचा सिनेमा आला, त्यात हिरो सुटतो आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. खरी गोष्ट २७ एप्रिल १९५९ ची. नौदलाचा कमांडर नानावटी. बायकोनं सांगितलं, माझं आहुजाशी प्रेम आहे. यानं बायकोपोरांना सिनेमाला सोडलं, बोटीवर गेला, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजाच्या बेडरूममध्ये शिरला. तीन गोळ्या. आहुजाच्या अंगावर नुसता टॉवेल.

ज्युरीत नऊ माणसं. आठ म्हणाली, निर्दोष. का, ते सांगायची ज्युरीवर सक्ती नव्हती. पण अख्ख्या मुंबईला ठाऊक होतं. 'ब्लिट्झ' दर आठवड्याला नानावटीची आरती ओवाळत होता. हा देखणा, गणवेशातला, देशाचा सैनिक. आणि मेलेला कोण? मोटारी विकणारा, बायांच्या मागं फिरणारा. खटला मारणाऱ्यावर चाललाच नाही, मेलेल्यावर चालला. त्याची लायकी काढली, झालं, सुटला बहाद्दर.

सेशन्स जज रतिलाल मेहतांनी तो कौल मान्य केला नाही, प्रकरण हायकोर्टाकडं पाठवलं. तिथं ज्युरी नाही. ११ मार्च १९६० ला जन्मठेप. सुप्रीम कोर्टानं २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली, आणि का ते लिहून काढलं. दुपारी दीडला घर सोडलं, चार वीसला खून. मधल्या जवळजवळ तीन तासांत माणूस भानावर यायला हवा होता. आहुजा कसा होता यावर शिक्षा अवलंबून ठेवली नाही. पुढं १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी त्याला माफी दिली, ती गोष्ट वेगळी. बड्यांसाठी मागचा दरवाजा असतोच.

आपले काही शिकलेले मित्र म्हणतात, ज्युरी म्हणजे लोकशाही, ती परत आणा. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्युरी राहिली नाही, याचं त्यांना दुःख. बाबांनो, ज्युरीला मराठीत काय म्हणाल? पंच. कुणाचे पंच? गावाचे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाबद्दल काय सांगितलं ते काढून वाचा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे घरातली चार माणसं मारली. मारायला कुणी परका आला नव्हता. त्या गावातून नऊ पंच निवडा म्हणलं तर कोण बसलं असतं? मेलेल्या बाईच्या चारित्र्याची कुजबूज तर आधीच सुरू झाली होती. नानावटीच्या आहुजासारखीच. फरक एवढाच, आहुजाकडं पैसा होता.

आता म्हणाल, भंडाऱ्याला तर ज्युरी नव्हती, जजच होता. बरोबर. २००८ साली आठ जण दोषी ठरले, सहांना फाशी. पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० ला नागपूरच्या हायकोर्टानं फाशी काढून पंचवीस वर्षं केली, म्हणाले सूडातून झालं, जातीतून नाही. म्हणजे एकटा जजही आकाशातनं पडत नाही. पण त्याला लिहावं लागतं. गोदीत एक गोण फुटली तर टॅलीवाला लिहितो, कुठल्या हॅचची, कशानं फुटली. लिहिलं की भांडता येतं. नऊ जणांच्या मनातल्या जातीशी कसं भांडणार?

दक्षिण आफ्रिकेत काय झालं बघा. ऑस्कर पिस्टोरियस, कृत्रिम पायांवर धावून जगात नाव कमावलेला गोरा. १४ फेब्रुवारी २०१३ ला बंद संडासाच्या दारातून चार गोळ्या झाडल्या, आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प मेली. म्हणाला, मला वाटलं चोर आहे. त्या देशात ज्युरी १९६९ ला संपली होती. न्यायासनावर थोकोझिले मासिपा, सोवेटोत वाढलेली काळी बाई. मला वाटलं आता ही सोडणार नाही. पण तिनं खून मानला नाही, सदोष मनुष्यवध म्हणाली. मला राग आला, लपवत नाही. मात्र तिनं कारणं लिहिली होती, म्हणून वरच्या कोर्टाला ती तपासता आली. डिसेंबर २०१५ ला ते म्हणालं, खूनच. दाराआड कोण होतं याला महत्त्व नाही. कुणीतरी माणूस होतं आणि गोळीनं ते मरेल हे मारणाऱ्याला दिसत होतं, बस्स.

मैत्रीण असेल तर खून, आणि चोर असेल तर चालतं? त्या देशात चोर म्हणल्यावर कुणाचा चेहरा डोळ्यापुढं येतो, आणि आपल्याकडं कुणाचा, हे तुम्हाला सांगायला नको. दाराआड पारधी असला, मांग असला, महार असला, तरी माणूस होतं, एवढं एक वाक्य मला भंडाऱ्याच्या आणि नागपूरच्या कागदात शोधायचंय.

नागपूरच्या निकालाची प्रत मी आणलीय. इंग्रजीत आहे, लांबलचक. पुढच्या रविवारी इथंच बसू. ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी पानं वाटून घ्या, मराठीत करा आणि मोठ्यानं वाचा. मी वही घेऊन येतो.