दांताचें नवें मूळ

‘चणे आहेत तर दांत नाहींत आणि दांत आहेत तर चणे नाहींत’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें दैवाच्या उलट्या न्यायावर बोट ठेवलें. परंतु या दोन गोष्टींत एक मोठा भेद आहे. चणे संपले तर ते बाजारांतून पुन्हा आणतां येतात. दांत एकदां गेला कीं निसर्ग तो पुन्हा देत नाहीं. बाळपणींचे वीस दुधाचे दांत जाऊन बत्तीस कायमचे येतात, आणि तेथेंच निसर्गाचें देणें संपतें. तिसऱ्या वेळीं जें मिळवावयाचें तें मनुष्यानें आपल्या बुद्धीनेंच मिळविलें पाहिजे. तें त्यानें कसें मिळविलें, आणि कोणी तें घ्यावें व कोणी घेऊं नये, याचा विचार आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

एखादी दाढ काढून टाकली कीं घरांत म्हणतात, ‘आंतली दाढ गेली, कोणाला दिसणार?’ दिसत नाहीं हें खरें. पण जबडा तिला विसरत नाहीं. दांताचें मूळ ज्या हाडांत रुतलेलें असतें तें हाड चावण्याच्या दाबावर जगतें. घांसागणिक मुळावर दाब येतो आणि त्या दाबामुळें हाडाची झीज व भर यांचा तोल राहतो. मूळ नाहींसें झालें कीं तें हाड निरुद्योगी होतें व विरूं लागतें; पहिल्या वर्षांत ही झीज सर्वांत जलद होते. पुढें शेजारचे दांत मोकळ्या जागेकडे कलतात, समोरचा दांत अडविणारें कोणी न उरल्यामुळें लांबतो, फटींत अन्न अडकतें, आणि एका दांताचें नुकसान चार दांतांना भोगावें लागतें. सगळेच दांत गेले म्हणजे ओंठ आंत वळतात, गाल बसतात, हनुवटी नाकाकडे येते. ज्याला आपण म्हातारपणाचा चेहरा म्हणतों तो पुष्कळ अंशीं हाड झिजल्याचा चेहरा असतो.

या उणिवेवर जुने उपाय दोन. पहिला कवळीचा. ती स्वस्त आहे, शस्त्रक्रियेवांचून मिळते, आणि कित्येक पिढ्यांनीं तिच्या बळावर जेवणें केलीं आहेत. परंतु कवळी हिरडीवर बसते. हाडाला ती त्याचें जुनें काम देत नाहीं. म्हणून हाड झिजतच राहतें आणि आज घट्ट बसणारी कवळी कांहीं वर्षांनीं तोंडांत डुलूं लागते. खालची कवळी तर जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर उचलली जाते. दुसरा उपाय पुलाचा, ज्याला दंतवैद्य ब्रिज म्हणतात. पडलेल्या दांताच्या दोन्ही बाजूंचे दांत घांसून लहान करावयाचे आणि त्यांवर तीन दांतांची एक जोडलेली टोपी चढवावयाची. काम पक्कें होतें. मात्र त्यासाठीं दोन निरोगी शेजाऱ्यांना आपलें कवच द्यावें लागतें, आणि पुलाखालचें हाड रिकामें तें रिकामेंच राहतें.

तिसरा उपाय मुळापासून आरंभ करतो. जबड्याच्या हाडांत धातूचें एक मूळ बसवावयाचें, तें हाडाशीं एकजीव होऊं द्यावयाचें, आणि मग त्यावर दांत उभारावयाचा. यालाच दंतरोपण अथवा इम्प्लांट म्हणतात. कल्पना नवी नाहीं. मध्य अमेरिकेंतील होंडुरास देशांत १९३१ सालीं एका प्राचीन मनुष्याच्या जबड्याचा तुकडा सांपडला. सुमारें तेराशें चौदाशें वर्षांपूर्वींच्या त्या जबड्यांत समोरच्या तीन दांतांच्या जागीं शिंपल्याचे घडवून केलेले तुकडे बसविलेले होते. पुढें १९७० च्या सुमारास त्याचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं तेव्हां त्या तुकड्यांभोंवतीं हाड वाढलेलें दिसलें. म्हणजे तो मनुष्य जिवंत असतांनाच ते बसविले असावेत.

आधुनिक विद्येला हा मार्ग सांपडला तो मात्र अकल्पितपणें. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क या स्वीडनमधील शरीरशास्त्रज्ञाला दांतांशीं कांहींच कर्तव्य नव्हतें. १९५२ च्या सुमारास तो सशाच्या पायाच्या हाडांत रक्ताभिसरण कसें चालतें हें पाहत होता. त्यासाठीं त्यानें टायटॅनियम धातूची एक लहानशी दुर्बिणीची खिडकी हाडांत बसविली. प्रयोग संपल्यावर ती महागाची वस्तु काढून घ्यावी म्हणून तो गेला, तों ती निघेना. हाडानें धातूला परकें मानलेंच नव्हतें. तें त्याला बिलगून वाढलें होतें. दुसरा एखादा असता तर यंत्र वायां गेलें म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्कनें त्या अडचणीलाच विचारलें कीं तूं कोणाच्या उपयोगी पडशील? १९६५ सालीं, गॉथेनबर्ग येथें, जन्मापासून जबड्यांत व्यंग असलेल्या एका गृहस्थाच्या खालच्या जबड्यांत त्यानें टायटॅनियमचीं मुळें बसविलीं. तो गृहस्थ २००६ सालीं वारला, तोंपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, तीं मुळें त्याच्या उपयोगीं पडलीं. तरीहि विद्वानांचा विश्वास बसावयास वेळ लागला. १९८२ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें भरलेल्या परिषदेंत अनेक वर्षांची रुग्णांची नोंद पुढें ठेविली गेली, तेव्हां कोठें ही पद्धति जगभर मान्य झाली. ब्रोनेमार्क २०१४ सालीं निवर्तला.

टायटॅनियम हाडाला चालतो याचें कारण असें कीं हवेचा स्पर्श होतांच या धातूवर ऑक्साइडचा अति पातळ थर चढतो. तो थर गंजत नाहीं व शरीराच्या रसांत विरघळत नाहीं. हाडाच्या पेशी त्यावर निर्धास्तपणें वस्ती करतात. या धातूचें एक खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतहि आहे, हें ऐकून कोंकणांतील श्रोत्यांना गंमत वाटेल.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम जबड्याचें क्ष-किरण चित्र घेतात. हल्लीं लांबी, रुंदी व खोली तिन्ही दाखविणारें चित्रहि घेतां येतें. याचें कारण खालच्या जबड्यांतून ओंठाला संवेदना पुरविणारी शीर जाते आणि वरच्या दाढांवर नाकाशेजारची पोकळी असते. या दोन्हींना धक्का लागतां कामा नये. नंतर जागा बधिर करून हाडांत भोंक पाडतात व त्यांत स्क्रूसारखें मूळ फिरवून बसवितात. त्याची जाडी साधारण तीन ते पांच मिलिमीटर व लांबी आठ ते चौदा मिलिमीटर असते. यानंतरची पायरी म्हणजे वाट पाहणें. हाडानें तें मूळ आपलेंसें करण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. मग वर जोड बसवून त्यावर दांत चढवितात. हाड अपुरें असेल तर आधीं हाडाची भर घालावी लागते व काळ आणखी वाढतो. एका दिवसांत दांत देण्याच्या जाहिराती दिसतात. कांहीं निवडक रुग्णांत दांत लौकर चढवितां येतो हें खरें. पण हाड आपल्याच गतीनें वाढतें, त्याला जाहिरात वाचतां येत नाहीं.

योग्य रुग्ण व योग्य हात असतील तर दहा वर्षांनंतरहि शंभरांतील नव्वदांहून अधिक मुळें टिकलेलीं असतात. पण ‘योग्य रुग्ण’ या शब्दांतच सर्व मर्म आहे. तंबाखू व धूम्रपान यांनीं हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो व मूळ सुटण्याचा धोका वाढतो. जी गृहिणी मशेरी लावते तिनें हें ध्यानांत ठेवावें. मधुमेह आटोक्यांत नसेल तर जखम भरून येण्यास अडचण पडते. तो आटोक्यांत असेल तर मार्ग बंद नसतो. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून कांहीं औषधें देतात. तीं चालू असल्यास, किंवा जबड्याला किरणांचा उपचार झाला असल्यास, दंतवैद्याला तें आधींच सांगितलें पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलांत मात्र हा उपाय करीत नाहींत. त्यांचा जबडा वाढत जातो आणि धातूचें मूळ जागच्या जागीं राहतें.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. धातूच्या दांताला कीड लागत नाहीं, म्हणून त्याची निगा नको, असें पुष्कळांस वाटतें. कीड लागत नाहीं, पण भोंवतालची हिरडी सुजते, हाड खचतें, आणि न दुखतांच मूळ डळमळूं लागतें. खऱ्या दांताभोंवतीं तंतूंची एक गादी असते. ती खडा लागतांच मेंदूला वर्दी देते. नव्या मुळाला ही गादी नाहीं. म्हणून त्याला रोज अधिक जपून घांसावें लागतें आणि वेळच्या वेळीं दंतवैद्याला दाखवावें लागतें.

राहिला प्रश्न खर्चाचा. हा उपाय कवळीहून कित्येक पटींनीं महाग पडतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यामुळें घरांतील वडील माणसें बहुधा स्वतःच म्हणतात, ‘आतां माझे दिवस ते किती राहिले? नातवाच्या शिक्षणाला पैसे ठेवा.’ आणि मुलेंहि तें बोलणें लौकर मान्य करतात. परंतु त्या वडिलांच्या ताटाकडे पाहावें. भाकरी दुधांत कुसकरलेली, भाजी गिरगिटलेली, फळ वर्ज्य, चार माणसांत बोलतांना हात तोंडावर. हळूहळू पंगतीला बसणें सुटतें, मग बोलावणीं सुटतात. दांतांबरोबर माणसांतील जागाहि जाते. अशांसाठीं एक मधला मार्ग आहे. सर्व दांतांसाठीं सर्व मुळें बसवावीं लागत नाहींत. खालच्या जबड्यांत पुढच्या बाजूस केवळ दोन मुळें बसवून त्यांवर कवळी अडकवितां येते. २००२ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं, खालचे सर्व दांत गेलेल्यांस हाच पहिला पर्याय सुचवावा, असें मत दिलें. त्यानें कवळी उचलली जात नाहीं, आणि खर्चहि आवांक्याच्या जवळ येतो. नुसतें वय पाहून कोणालाहि नाकारूं नये, प्रकृति पाहावी.

घरांत असा विचार चालला असेल तर दंतवैद्याला चार प्रश्न अवश्य विचारावे. हाड पुरेसें आहे काय? एकंदर किती महिने लागतील? भर घालण्यासह सर्व खर्च किती? आणि बसविलेलें मूळ कोणत्या कारखान्याचें, त्याची लेखी नोंद मिळेल काय? ही नोंद जपून ठेवावी. पुढें गांव किंवा वैद्य बदलला तर तीच उपयोगीं पडते. जो वैद्य या प्रश्नांना शांतपणें उत्तरें देईल त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

आणि एवढें सर्व समजून घेतल्यावर आरशासमोर उभें राहून जे दांत अजून जागेवर आहेत ते मोजावे. जो दांत वांचवितां येईल तो वांचविणें हा पहिला धर्म. तो अशक्य झाला तरच नव्या मुळाचा विचार. मनुष्याच्या बुद्धीनें दांताला तिसरा जन्म दिला खरा, परंतु निसर्गानें दिलेल्या दुसऱ्या जन्माची सर त्याला अजून आलेली नाहीं.