हेरकथेचा दुसरा भाग

लहानपणी यात्रेतल्या तंबूत मी एक हेरपट पाहिला. तो दुसरा भाग होता. पहिला आमच्या न्हावऱ्यापर्यंत कधी आलाच नव्हता! माझ्या शेजारी घोंगडी पांघरून एक म्हातारबुवा बसले होते. पडद्यावर नायक आला, पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि बुवांनी मला कोपराने ढोसून विचारले, "पोरा, ह्यो कोन? आन् त्या टकल्यानं ह्याचं काय घोडं मारलंय?" मला सांगता येईना. पाऊण तास झाला तरी चित्रपटानेही ते सांगितले नाही. बुवा उठले आणि भेळ खायला निघून गेले.

पुढे कॉलेजात साहित्य शिकवू लागलो, पण बुवांचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. दुसऱ्या भागाची पहिली परीक्षा तीच. ज्याने पहिला भाग पाहिला नाही त्याला वाऱ्यावर सोडायचे नाही, आणि ज्याने पाहिला आहे त्याला तेच पुराण पुन्हा ऐकवायचे नाही. सप्ताहात पोथी सांगणारे बुवा हे सहज साधतात. "काल आपण कुठवर आलो?" म्हणून दोन वाक्यांत कालची कथा उरकतात, आणि गाडी पुढे निघते.

जेम्स बाँडचा पहिला चित्रपट 'डॉ. नो' 1962 साली आला आणि दुसरा, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', 1963 साली. त्यात काय केले पाहा. पहिल्या भागात मेलेल्या डॉक्टरचा सूड त्याच्या टोळीला घ्यायचा आहे. म्हणजे जुने देणे नव्या खात्यावर चढले. बुवांना उत्तर मिळाले. सुरुवातीलाच बाँडच्या हाती एक साधी दिसणारी बॅग देतात. तिच्यात सोन्याची नाणी लपवलेली, आणि चुकीच्या रीतीने उघडली तर धूर सोडणारी एक डबी. आपण ते विसरून जातो. मग आगगाडीच्या अरुंद डब्यात शत्रू पिस्तूल रोखून उभा राहतो, तेव्हा ती नाणी आणि ती डबी कामाला येतात. त्याआधी जेवताना त्या शत्रूने माशाबरोबर तांबडी दारू मागवलेली असते. साहेबी रिवाजात ते बसत नाही. आपल्याकडे एखादा गळ्यात माळ घालून दिंडीत शिरावा आणि एकादशीला भाकरी-कालवण मागावे, तसेच ते!

आता एक अडचण. नायक मरणार नाही, हे दुसऱ्या भागाला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मग जीव टांगणीला लागतो कशाने? याचे उत्तर आपल्या घरातच आहे. शिवरायांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक. 1664 च्या सुरतेच्या स्वारीआधी त्यांनी तिथली खडान्खडा बातमी काढली, असे परंपरा सांगते. महाराज सुखरूप परत येणार, हे शाळकरी पोरालाही माहीत असते. तरी बहिर्जी वेष पालटून वेशीपाशी पोचले की ऐकणारा श्वास रोखतो. निकाल ठाऊक असला, तरी युक्ती ठाऊक नसते ना!

बाबूराव अर्नाळकरांनी हेच गमक ओळखले होते. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. माणसे तीच, पेच नवा. त्या सगळ्याच हेरकथा नव्हेत, हे खरे, पण जात एकच. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, तो मात्र अस्सल हेरगिरीतला. या पुस्तकांना आम्ही मास्तर मंडळींनी नाके मुरडली. पण मराठी वाचायची गोडी पुष्कळांना त्यांनीच लावली, हे मी तरी नाकारणार नाही.

दुसरे असे, की नायकाजवळची हत्यारे दर खेपेस वाढवत नेली की गंमत उलट कमी होते. 2011 च्या 'मिशन इम्पॉसिबल'मध्ये (तो चौथा भाग) नायक दुबईच्या बुर्ज खलिफाच्या काचेवर चिकटणारे हातमोजे घालून चढतो, आणि मध्येच एक मोजा बंद पडतो. तिथे खरा चित्रपट सुरू होतो. यंत्र चालले तर यंत्राचे कौतुक; बिघडले की माणसाचा कस.

मारामारीचेही तसेच. आपल्या शिरूर भागात बैलगाडा शर्यती होतात. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसे उभी असतात, कारण गाडा कुठून सुटला आणि कुठे पोचला हे दिसले पाहिजे. समजा, कुणी नुसते खूर, मग धूळ, मग बैलाची नाकपुडी असे क्षणाक्षणाला दाखवले, तर निशाण कधी पडले हे कळेल का? 2008 चा 'क्वांटम ऑफ सोलेस' माझ्या मते इथेच फसला. 2006 च्या 'कसिनो रॉयल'ची कथा तो थेट पुढे नेतो, पण पहिल्याच मोटारींच्या पाठलागात कोण कुणाच्या मागे आहे, हे समजेपर्यंत पाठलाग संपतो.

हिंदीत 'एक था टायगर' 2012 साली आला. त्यात भारताचा हेर आणि पाकिस्तानची हेर प्रेमापायी दोन्ही खाती सोडून पळतात. 2017 च्या 'टायगर जिंदा है'मध्ये त्यांचा संसार आहे, मूल आहे, आणि इराकमध्ये ओलीस धरलेल्या परिचारिकांसाठी त्याला बोलावणे येते. 2014 साली तिक्रितमध्ये अडकलेल्या 46 भारतीय परिचारिकांची सुटका झाली, तिचा आधार या कथेला आहे. बाकी गोळीबार जरा अतीच आहे. पण पहिल्या भागात ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नव्हते, त्याला आता घर आहे. उंबरठा ओलांडताना तो मागे पाहतो, ते आपल्याला लागते.

गेल्या वर्षी एका शाळेत मी मुलांना सुरतेनंतरची बहिर्जींची गोष्ट मनाने लिहायला सांगितली. बहुतेकांनी तलवारी चालवल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र लिहिले, की बहिर्जी पुन्हा फकिराच्या वेषात आले, पण नाक्यावरच्या शिपायाने मागच्या खेपेचा आवाज ओळखला. तेवढ्यात तास संपला. "सर, अजून एक कागद द्या की," तो म्हणाला.