कोरफडीचं पान आणि ग्लिसरीनची बाटली



वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकरांनी १९४६ साली ज्या शहरात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचं काम उभं केलं, त्या पुण्यात या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं, गावोगावहून आलेल्या वैद्य, त्वचारोगतज्ज्ञ, औषधनिर्माते आणि विद्यार्थ्यांचं, मनापासून स्वागत करतो.

आत येताना दाराशी काचेच्या पेल्यात उभं केलेलं कोरफडीचं पान आपण पाहिलं असेल. ते सकाळी कापलं, आणि आता तळाला पिवळा, कडू चीक उतरला आहे. हाच चीक आटवला की काळा बोळ होतो. बाळंतिणीला तो देताना आपल्या आज्या हात आखडता घेत. आतला गर जवळजवळ सगळा पाणीच, त्वचेला गारवा आणि ओल देणारा. पण चीक निथळू न देता तो गालाला फासला, तर काहींची कातडी लाल होते, चुरचुरते. एकाच पानात दोन्ही असतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पान कापूनच शिकवलं.

ग्लिसरीनचंही तेच. वनस्पती तेलाचा साबण करताना तेलाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ते सुटं होतं. ते पाणी धरून ठेवतं, आपल्या त्वचेतही ते मुळातच असतं. पुण्याच्या कोरड्या थंडीत टाचा फुटल्या की त्याचा गुण येतो. फक्त ते निव्वळ न लावता पाण्यात मिसळून, अंग ओलसर असतानाच लावावं.

आणि तरीही १९८६ साल मला विसरता येत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोटात दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. हे ग्लायकॉलही ग्लिसरीनसारखंच रंगहीन, दाट, गोडसर. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. म्हणून ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द बाटलीवर वाचून माझं समाधान होत नाही. माल कुठून आला, कसा शुद्ध केला, कुणी तपासला, हे मला हवं असतं. या दोन दिवसांत आपण त्याबद्दल मोकळेपणानं बोलावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चहाच्या सुट्टीत पेल्याशेजारची ताटली जरूर पाहा. त्यात चीक निथळवून, धुऊन ठेवलेला गर आहे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडासा लावा, आणि उद्या सकाळी तिथली कातडी कशी आहे ते मला सांगा.