पाणी कुठे मुरतं?



एखाद्या व्यवहारात गोम आहे असा संशय आला, की आपण पटकन म्हणतो, ‘इथे कुठेतरी पाणी मुरतंय!’ मी मात्र आज खरोखरच मुरलेल्या पाण्याबद्दल बोलणार आहे, तेही माझ्याच न्हाणीघरातल्या. कवीनं पावसाच्या पाण्यावर बोलावं अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. पण पाऊस चार महिन्यांचा पाहुणा. मोरीचं पाणी रोज सकाळी आपल्या पायांखालून जातं आणि त्याच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली एक निवृत्त शिक्षिका राहतात. आख्खी सोसायटी त्यांना बाई म्हणते, मीही म्हणतो. त्या मला भाई म्हणतात. १९९८ साली मी सोलापुरात घर शोधत होतो, तेव्हा माझं नाव ऐकल्यावर बऱ्याच ठिकाणी ‘कळवतो’ असं उत्तर मिळालं आणि पुढे कुणीच काही कळवलं नाही. या सोसायटीत तेव्हा बाईंचे यजमान अध्यक्ष होते. कुजबुज त्यांच्याही कानावर गेली. ते म्हणाले, “कवी आहेत ना? मग त्रास काय देतील? फार तर कविता ऐकवतील.” आणि त्यांनी सही केली. ते आज नाहीत. पण ईदच्या दिवशी शीरखुर्म्याचं पहिलं भांडं बाईंकडे जातं आणि दिवाळीत त्यांच्याकडच्या चकल्यांचा डबा आमच्याकडे येतो.

मागच्या ईदला असाच भांडं घेऊन खाली गेलो. हात धुवायला आत निघालो, तर बाई घाईघाईनं म्हणाल्या, “थांबा भाई, मी इथेच पाणी आणते.” पण तोवर मी दारापाशी पोहोचलो होतो. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला प्लास्टिकचा कागद बांधला होता. कागदाच्या मधोमध पाण्याचं पोट सुटलं होतं आणि खाली बादली होती. वर गिलावा काळवंडून सुटला होता, एका जागी गंजलेली सळई दिसत होती. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून फोडते. म्हणजे हे काही आठवड्यांचं काम नव्हतं.

“किती दिवस झाले, बाई?”

“होतील आठ महिने.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाई, दिवस असे आहेत की साधी तक्रारही वेगळीच ऐकू येते. तुम्हाला वाटलं असतं, एवढी वर्षं गोड बोलल्या आणि शेवटी यांच्याही मनात तेच. म्हणून दोनदा रंग लावून घेतला.”

मी जिना चढलो खरा, पण पाय जड झाले होते. कारण गप्प राहण्यात मीही कमी नव्हतो. आमच्या मोरीच्या जाळीभोवतालच्या फटी काळ्या पडल्या होत्या. सकाळी कुबट वास येत होता. मी तीनदा पांढरं सिमेंट कालवून त्या फटींत भरलं होतं. पण खाली जाऊन ‘तुमच्याकडे ओल येते का?’ एवढा एक प्रश्न विचारला नव्हता. त्या हो म्हणाल्या तर काय, ही भीती. इतक्या खटपटीनं मिळालेल्या घरात ‘यांच्यामुळे त्रास होतो’ हे वाक्य आपल्याबद्दल कधी उच्चारलं जाऊ नये, असं मला फार वाटत आलं आहे. म्हणजे वरच्या मजल्यावर मी सिमेंट फासत होतो आणि खालच्या मजल्यावर बाई रंग फासत होत्या. मध्ये स्लॅब कुजत होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. मला वाटलं, आल्या आल्या छिन्नी-हातोडा काढतील. त्यांनी आधी तीन दिवस नुसतं पाणी पाहिलं. पहिल्या दिवशी न्हाणीघराचा नळाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि वापर बंद. ते म्हणाले, भिंतीतला नळाचा पाइप फुटला असेल, तर वापर असो नसो, ठिबकणं कमी होणार नाही. ते हळूहळू कमी झालं. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठेवून, जाळी काढून, नळीनं चार बादल्या पाणी थेट आत सोडलं. खाली ठिबकणं वाढलं नाही. म्हणजे जाळीखालचं भांडं आणि त्याला जोडलेला पाइप शाबूत. तिसऱ्या दिवशी त्या भांड्याचं तोंड गच्च बंद केलं, दाराशी बांध घातला, फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं आणि त्यात कपड्यांची नीळ ओतली. तासाभरात बाईंचा खालून आवाज आला, “भाई, निळा थेंब पडला!”

गळती सापडली. जाळीच्या भांड्याची कड आणि फरशी यांच्यामधल्या सांध्यात.

त्या भांड्याला बांधकामातले लोक ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. देशभरातल्या बांधकामाच्या नकाशांत हा शब्द सापडतो. संस्कृतातलं स्नान प्राकृतात ण्हाण झालं, मराठीत न्हाणं झालं. माझी अम्मी दखनीत ‘नहाना’ म्हणायची, बाई ‘न्हाणं’ म्हणतात, मूळ एकच. या भांड्यात नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि तेच गटारातली दुर्गंधी वर येऊ देत नाही. म्हणून बरेच दिवस बंद असलेल्या घरात वास येतो. ते पाणी उडून गेलेलं असतं. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतलं की काम होतं.

मिस्त्रींनी जाळीभोवतालच्या फरश्या काढल्या. खालचं सिमेंट हाताला भुसभुशीत लागलं. त्यांनी विचारलं, “फरशी कशानं साफ करता?” मी म्हणालो, “अ‍ॅसिडनं. दर रविवारी. मी स्वतः करतो.” ते हसले. “साहेब, अ‍ॅसिड डाग खातं तसं सिमेंटही खातं. वर्षानुवर्षं तुम्हीच सांधा खाऊ घातलात.” माझ्या स्वच्छतेचा मला मोठा अभिमान होता. तो त्या दिवशी फरशीबरोबरच निघाला.

पुढचं काम सरळ होतं. भुसभुशीत माल काढला, भांड्याची कड घासली, खड्डा दोन दिवस वाळू दिला. मग पाणी न शोषणारं रसायन मिसळलेल्या सिमेंटनं कड पक्की केली, वर जलरोधक थराचे दोन हात दिले आणि ते भिंतीवरही वीतभर चढवले. थर वाळल्यावर चोवीस तास पाणी साठवून पुन्हा पाहिलं आणि मगच जाळीकडे ढाळ देऊन फरशी बसवली. फटी इपॉक्सीनं भरल्या. फरशी बसवण्याआधीची ही चोवीस तासांची परीक्षा कुणी घाई केली तरी टाळू नका. खर्च अर्थातच मी केला. आपल्या न्हाणीघराची गळती आपणच दुरुस्त करायची, असं सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही म्हटलं आहे. बाईंच्या छताची सळई घासून गिलावाही माझ्याच खर्चानं करायचा ठरला, पण ओल सुकल्यावर.

काम चालू असताना शुक्रवार आला. आंघोळ कुठे करायची? बाईंनीच निरोप धाडला, “भाई, खाली या. पाणी तापवलंय.” मी टॉवेल घेऊन गेलो. मिस्त्रींनी पाहणीसाठी प्लास्टिक काढलेलंच होतं. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि माझ्या खांद्यावर एक गार थेंब टपकला. गरम पाण्यात तो वेगळा कळला. मी वर पाहिलं. आठ महिने एक सत्तरीची बाई रोज या छताखाली आंघोळ करत होती आणि माझं मन राखत होती. अम्मी म्हणायची, शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क असतो. त्या हक्कात तक्रार करण्याचाही हक्क येतो, आणि तो शेजाऱ्याला सहज वापरता यावा ही जबाबदारी आपली, हे मला त्या थेंबानं शिकवलं.

काम संपल्यावरही ठिबकणं थांबेना. माझा धीर सुटला. मिस्त्री म्हणाले, “फरशीखालच्या विटांच्या कोब्यात आठ महिन्यांचं पाणी मुरलंय. छिद्र बुजलं तरी ते निघून जायला वेळ लागतो. वाट पाहा.” मग बाईंनी नवीनच दिनक्रम सुरू केला. रोज सकाळी सातला फोन. “भाई, आज पंधरा मिनिटांत नऊ थेंब.” “आज सहा.” “आज दोनच हं.” जुन्या शिक्षिका, हजेरी घेतल्यासारखा हिशेब. सोळाव्या दिवशी त्या जिना चढून स्वतःच वर आल्या. “आज एकही नाही,” म्हणाल्या आणि चहाला बसल्या.

आता छत कोरडं आहे. त्याचा गिलावाही झाला. फोन मात्र अधूनमधून सकाळी सातला वाजतो. परवा बाई म्हणाल्या, “भाई, गळत काही नाही. पण तुमच्याकडे पहाटे खुर्ची फार सरकते. पायांना रबर लावा.”

मी त्याच दिवशी रबर आणलं. इतकी सुंदर तक्रार मी बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.